कासेगावकरांचा डावीकडे कललेला ट्रक

ट्रक डावीकडे कललेला आहे, हे कर्तव्य नगरातल्या शेंबड्या पोरालासुद्धा पहिल्या नजरेत दिसलं. दिसलं नाही ते एकट्या वेणीमाधवराव कासेगावकरांना, कारण ट्रक त्यांनी आणला होता.

"रस्त्याला उतार आहे," ते म्हणाले.

शेजारचे गुरुसिद्धप्पा हत्तुरे भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. निरोपसमारंभात त्यांना शाल-नारळाबरोबर सपाटी मोजायची एक पितळी पाणसळ मिळाली होती आणि ती वापरायची संधी ते गेली सहा वर्षं शोधत होते. ते लगबगीनं घरात गेले, पाणसळ घेऊन आले आणि भर रस्त्यात गुडघे टेकून त्यांनी ती डांबरावर ठेवली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला.

"सपाट आहे की हो रस्ता, कासेगावकर."

"मग पाणसळ बिघडली असेल."

यावर गुरुसिद्धप्पांनी दोन दिवस अबोला धरला. ते वसाहतीचे अध्यक्ष असल्यामुळे तो अबोला अधिकृत मानला गेला.

विजापूर रोडवरचं कर्तव्य नगर ही निवृत्त सरकारी माणसांची वसाहत. इथे फाटकावर माणसाचं नाव बारीक आणि हुद्दा ठळक. वेणीमाधवरावांच्या फाटकावर 'कार्यालय अधीक्षक (नि.)' असं लिहिलेलं होतं, आणि कंसातलं ते 'नि.' इतकं लहान होतं की पोस्टमनला ते अजून दिसलं नव्हतं. शिक्षण खात्यात चौतीस वर्षं काढताना त्यांनी शाळेच्या खोल्यांपासून खडूच्या पेट्यांपर्यंत हजारो गोष्टी मार्गी लावल्या आणि त्यांतली एकही कधी डोळ्यांनी पाहिली नाही. पाहायची गरजच काय? कागद नीट असला की वस्तू नीट असते. हा त्यांचा नुसता समज नव्हता, श्रद्धा होती.

ट्रकचं निमित्त झालं गेल्या वर्षीचा सव्वीस जानेवारी. पलीकडच्या मंगलधाम सोसायटीनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पुठ्ठ्याचं रॉकेट उभं करून मिरवणूक काढली आणि त्याचा फोटो पेपरात आला. कर्तव्य नगरची मुलं कागदी झेंडे घेऊन मागून चालली होती. फोटोत त्यांच्यापैकी एकाची फक्त टोपी आली. ही जखम वर्षभर ओली होती. डिसेंबरच्या सभेत वेणीमाधवराव उठले आणि म्हणाले, "आपण खराखुरा लष्करी ट्रक आणायचा. वर चौदा मुलं, सैनिकांच्या वेशात. मी बघतो सगळं."

टाळ्या पडल्या. घरी आल्यावर त्यांनी नातीला, तिसरीतल्या श्रावणीला, मांडीवर घेऊन कबूल केलं की ट्रकवर तीही असेल आणि झेंडा तिच्याच हातात असेल. श्रावणीनं ही बातमी शाळेत, रिक्षात आणि नाचाच्या क्लासला सांगून टाकली. आता माघार नव्हती.

ट्रक मिळाला जेऊरच्या सयाजीकडे. हा त्यांच्या हाताखालच्या एका कारकुनाचा भाऊ. त्याच्या वडिलांनी सैन्याच्या लिलावात घेतलेली ही गाडी आधी दगड वाहायची, मग ऊस, आणि आता केळी. सयाजीनं ती स्वतः चालवत आणली. जेऊर ते सोलापूर यायला त्याला अख्खा दिवस लागला.

"गाडी लई गुणी हाय, सायेब," किल्ली देताना तो म्हणाला. "फकस्त जरा डावीकडं बघून चालतीया. तेवढी दुरुस्ती करून घ्या, आन वापरा खुशाल." आणि रेल्वेनं तो जेऊरला परत गेला. जाताना त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती वेणीमाधवरावांना आनंद वाटली.

आता सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या बंगल्यातले निवृत्त फलोत्पादन अधिकारी म्हणाले, हवा कमी असेल. चारी चाकांत हवा भरली. ट्रक दोन बोटं वर आला आणि तसाच डावीकडे कललेला राहिला. आरोग्य खात्यातले गृहस्थ म्हणाले, वयोमानानुसार असं होतं, त्याला उपचार नसतात. तोवर गुरुसिद्धप्पांचा अबोला संपला होता. त्यांनी सुचवलं की उजव्या अंगाला वाळूची पोती टाकावीत म्हणजे तोल आपोआप साधेल. बारा पोती टाकली. ट्रक कललेलाच राहिला, फक्त आता तो कण्हायला लागला. पोती उतरवताना फलोत्पादन अधिकाऱ्यांची कंबर धरली, आणि वसाहतीत डावीकडे झुकून चालणारे दोघे झाले.

वेणीमाधवराव डगमगले नाहीत. ते परवानगीच्या मागे लागले, कारण त्यांच्या मते खरं काम ते होतं. मिरवणुकीच्या परवानगीला गाडीचे कागद लागत होते. कागदांसाठी ते ज्या कार्यालयात गेले तिथे खिडकीमागे एक तरतरीत मुलगी बसली होती. तिनं फोटो पाहिला.

"काका, हा हिरवा रंग खाजगी गाडीला चालत नाही. तो फक्त सैन्याला."

"अहो, पण ही सैन्याचीच गाडी आहे."

"होती."

या एका शब्दापुढे फाटकावर 'नि.' लावून राहणारा माणूस काय बोलणार? त्यांनी मुकाट्यानं रंग बदलायचं मान्य केलं.

"आणि ही मालवाहू आहे. हिच्यात माणसं बसवता येत नाहीत."

"माणसं नाहीत, मुलं आहेत."

"मुलं माणसंच ना, काका?"

वेणीमाधवराव हसले. इथे त्यांची चौतीस वर्षं कामाला आली. त्यांनी तिथल्या तिथे बाकावर बसून नवा अर्ज लिहिला. गाडीवर देखावा आहे. देखावा म्हणजे साहित्य. मुलं देखाव्याचा भाग आहेत. सोबत जोडलेल्या यादीत त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: देखाव्याचे साहित्य, नग चौदा. अर्ज घेणारा शिपाई म्हणाला, अक्षर फार छान आहे. ही पावती खिशात घालून ते घरी आले ते जवळजवळ शीळ घालतच.

रंगाचं काम नवी पेठेत दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडे दिलं. त्याला सांगितलं होतं, हिरवाच हवा पण तो हिरवा नको. त्यानं आपल्या बुद्धीनं मधला मार्ग काढला. तयार झालेला ट्रक पाहायला यशोदाबाई, वेणीमाधवरावांच्या पत्नी, पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"अहो, हा लष्कराचा कुठला? हा भेंडीचा ट्रक वाटतोय."

"उन्हात मावळेल रंग," वेणीमाधवराव म्हणाले, आणि त्यांनी विषय मावळवला.

आता राहिला होता एक कागद. परवानगीच्या टेबलावर सांगितलं होतं की गाडी सुस्थितीत असल्याचा कुणा मिस्त्रीचा दाखला आणा. म्हणून चोवीस तारखेला हैदराबाद रोडवरून जोतीराम मिस्त्री आला. ट्रकच्या कमानपाट्यांचं, म्हणजे चाकांवर गाडीचा भार पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचं, काम करण्यात त्याची हयात गेली होती. आला तो सरळ ट्रकखाली शिरला. गेले पंधरा दिवस सगळी वसाहत हा ट्रक वरून, पुढून आणि गच्चीवरून बघत होती. खाली शिरलेला हा पहिलाच माणूस. अर्ध्या तासानं तो पाठीची माती झाडत बाहेर आला.

"मागच्या डाव्या कमानीचा मेन पाटा चिरलाय. पिनबी झिजलीया. ह्याच्यावर माणूस बसवू नका, सायेब."

"किती पाटे असतात एका कमानीत?" वेणीमाधवरावांनी वही काढली.

"हितं नऊ हायत."

"आणि चिरलाय किती?"

"एक. पण त्योच मेन हाय."

"म्हणजे आठ शाबूत आहेत."

जोतीरामनं त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. समोरचा माणूस चेष्टा करत नाहीये हे लक्षात आल्यावर तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "सायेब, नऊ भाऊ हायत, पण सातबारा एकाच्या नावावर हाय. ह्यो मेन पाटा. ह्येच्याच टोकाला डोळा असतोय, त्यात पिन. गाडी तितं धरल्याली असती. बाकीचे आठ नुस्ते पाठीशी हुबे. ह्यो गेला की चाक जागंवरनं सुटतंय आन गाडी बसतीय. मंग आठ काय आन ऐंशी काय."

"नवीन घाला मग."

"ह्या मापाचा तयार कुटं मिळत न्हाय. तापवून, वाकवून, पाणी देऊन करावा लागंल. आठ दिस तरी पायजेत."

"सव्वीस परवा आहे."

"मंग एक करतो. पट्टी आवळून देतो. रिकामी गाडी शाळंपर्यंत हळूहळू मीच न्हेतो. दुसरा कुनी बसला तर जोरात हाणील. पर वर माणूस एकबी न्हाय. लिवून पायजे तर तसं लिवून देतो."

असा दाखला घेऊन काय करायचं? वेणीमाधवरावांनी तो घेतला नाही. त्या दुपारी ते टेबलाशी बसले आणि त्यांनी त्रैराशिक मांडलं. नऊ पाट्यांवर गाडी अडीच हजार किलो नेते, तर आठ पाट्यांवर किती? उत्तर आलं दोन हजार दोनशे बावीस. पुढचा अपूर्णांक त्यांनी सुरक्षिततेच्या दृष्टीनं सोडून दिला. मग त्यांनी वसाहतीतल्या चौदा मुलांची वजनं घेतली. एका आईनं मुलाचं वजन सांगायला नकार दिला, एकीनं डबा खायच्या आधी घ्या म्हणून हट्ट धरला. एकूण भरलं तीनशे नव्वद किलो. दोन हजार दोनशे बावीस कुठे आणि तीनशे नव्वद कुठे! वेणीमाधवरावांना हसू आलं. तरीही निष्काळजीपणाचा ठपका नको म्हणून त्यांनी बैठकीचा तक्ता केला: दणकट मुलं उजवीकडे, हलकी डावीकडे. सगळ्यात हलकी होती श्रावणी, एकोणीस किलो. तिची जागा डाव्या बाजूला अगदी मागे, फळीला टेकून.

"तो मिस्त्री नको म्हणतोय ना?" यशोदाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

"त्याला गणित येत नाही."

"त्याला ट्रक येतो," यशोदाबाई म्हणाल्या. पण त्या कधी कुठल्या कार्यालयात नव्हत्या, त्यामुळे त्यांचं म्हणणं टिपणीत आलं नाही.

टिपणी मात्र देखणी झाली. विषय, पार्श्वभूमी, गणित, तक्ता, निष्कर्ष. जोतीरामचंही नाव होतं: 'मिस्त्री यांनी तोंडी सौम्य हरकत घेतली; ती विचारात घेण्यात आली.' पंचवीस तारखेला ती टिपणी घरोघर फिरली. कर्तव्य नगरात कागद आला की पाय आपोआप जुळतात. फलोत्पादन अधिकाऱ्यांनी आडवं पडल्या पडल्या 'सहमत' लिहिलं. आरोग्यवाल्यांनी 'वरीलप्रमाणे सहमत' लिहिलं. कुणी लाल शाईत, कुणी हिरव्या. गुरुसिद्धप्पांनी शेवटचं पान आधी वाचलं, मग पहिलं, आणि तारखेसह सही केली. संध्याकाळपर्यंत अकरा सह्या झाल्या आणि मिस्त्रीच्या दाखल्याच्या जागी हीच टिपणी अर्जाला जोडली गेली. अकरा जबाबदार माणसांनी, मिळून तीनशे वर्षांच्या सेवेनंतर, ट्रक सुरक्षित ठरवला होता, आणि त्यांच्यापैकी एकानंही खाली वाकून बघितलं नव्हतं. वेणीमाधवराव त्या रात्री अगदी निर्धास्त झोपले.

सव्वीसला सकाळी सात वाजता थंडी मरणाची होती. चौदा मुलं लष्करी वेश घालून ट्रकवर चढली होती. श्रावणी डाव्या कोपऱ्यात झेंडा घेऊन उभी होती आणि आनंदानं तिचा चेहरा नुसता फुलला होता. वेणीमाधवराव कडक इस्त्रीच्या पांढऱ्या बंदगळ्यात तक्ता घेऊन हजेरी घेत होते. तेवढ्यात रिकामी गाडी न्यायला म्हणून जोतीराम सायकल लावून आला. त्यानं ट्रककडे बघितलं, मुलांकडे बघितलं. आरडाओरडा काही केला नाही. केबिनमधून किल्ली काढून खिशात टाकली.

"सायेब, जरा हितं या."

"काय ते बोला ना."

"बोलून झालंय. खाली या."

"खाली म्हणजे?"

"गाडीखाली."

वेणीमाधवरावांनी बंदगळ्याकडे पाहिलं. अकरा सह्याकर्ते बघत होते. नाही म्हणावं तर भ्यालो असं दिसणार. त्यांनी आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि 'पाहणी' या शब्दाचा खरा अर्थ वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळत असल्यासारखे ते पोटावर सरपटत आत गेले. खाली ग्रीसचा, मातीचा आणि कुजक्या केळ्यांचा वास होता. जोतीरामनं बॅटरी लावली.

"ह्यो पाटा. ह्यो डोळा. आता हितं नख लावा."

त्यांनी नख लावलं. पाट्याच्या कडेला केसाएवढी रेघ होती. नख तिच्यात अडकलं. एवढीशी रेघ, ते म्हणणार होते, तेवढ्यात वरून श्रावणीचा आवाज आला, "भारतमाता की!" आणि चौदा मुलांनी "जय!" म्हणून एकदम उडी मारली.

रेघ उघडली. नखाखाली ती फट वासली आणि मुलं स्थिरावली तशी मिटली.

"भारतमाता की!"

"जय!"

पुन्हा उघडली. या वेळी जरा जास्त. आतून गंजाची लाल भुकटी त्यांच्या बोटावर सांडली. त्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर फळी होती आणि तिच्या फटीतून दोन छोटे बूट नाचताना दिसत होते. ते बूट त्यांनीच परवा घेऊन दिले होते. वेणीमाधवरावांना आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. दोन हजार दोनशे बावीस हा आकडा त्यांना आठवला.

ते बाहेर कसे आले हे त्यांना नंतर सांगता आलं नाही. बंदगळ्याचं बटण तुटलं होतं आणि कपाळावर ग्रीसचा आडवा पट्टा उमटला होता.

"उतरा!" ते ओरडले. "सगळे खाली उतरा! आधी उड्या मारायच्या थांबवा, मग एकेक जण उतरा!"

एकच गलका झाला. मुलांच्या आया धावल्या. गुरुसिद्धप्पा पुढे झाले. "अहो येन री, काय हे, कासेगावकर? टिपणी तुमचीच की!"

"टिपणी रद्द."

"सह्या झालेली टिपणी अशी रद्द होत नाही. सभा घ्यावी लागते. सात दिवसांची नोटीस."

"घ्या सभा," असं म्हणत वेणीमाधवराव स्वतः मुलांना काखेत धरून उतरवत होते. तक्ता खाली पडला होता आणि त्यावरून बूट जात होते. शेवटी श्रावणी राहिली. ती फळीला घट्ट धरून बसली.

"तुम्ही कबूल केलं होतं, आजोबा."

"केलं होतं. उतर."

"सगळ्यांना सांगितलंय मी शाळेत."

"सांगितलं असशील. उतर म्हणतो ना!"

ती उतरली, पण रडत उतरली, आणि "मी तुमच्याशी कध्धी बोलणार नाही" असं सांगून आजीच्या पदराआड गेली. यशोदाबाईंनी नवऱ्याच्या कपाळावरचा ग्रीसचा पट्टा पाहिला, डोळ्यांकडे पाहिलं आणि श्रावणीला पोटाशी धरलं.

मग ठरल्याप्रमाणे मिरवणूक निघाली. म्हणजे ठरलं होतं त्याच्या नेमकी उलटी. पुढे जोतीराम रिकामा भेंडीच्या रंगाचा ट्रक माणसाच्या चालीनं नेत होता, आणि मागून चौदा सैनिक पायी चालले होते. मंगलधामच्या ट्रॉलीवर या वर्षी पुठ्ठ्याचा उपग्रह होता. तो कर्तव्य नगरच्या ट्रकला ओलांडून पुढे गेला आणि वरून कुणीतरी ओरडलं, "ट्रक आणलाय का फिरायला नेलाय?" आसपासच्या गच्च्यांतून लोक हसले. वेणीमाधवराव ताठ मानेनं चालत राहिले. बंदगळ्याला बटण नसलं की मान ताठ ठेवणं अवघड जातं, पण ठेवली. मागून अकरा जणांची कुजबुज त्यांना ऐकू येत होती. घाबरले. वय झालं. एवढी टिपणी लिहिली आणि ऐन वेळी हातपाय गाळले.

शाळेच्या मैदानापर्यंत काहीही झालं नाही. ट्रक खड्ड्यातून गेला, गतिरोधकावरून गेला, वळला, आणि मैदानाच्या कडेला येऊन थांबला. झेंडावंदन झालं. एकेक सह्याकर्ता येऊन वेणीमाधवरावांना "काही झालं नाही हं" असं सांगून गेला. काही न झाल्याबद्दल माणसाला इतकं मेल्याहून मेल्यासारखं होऊ शकतं, याची त्यांना कल्पना नव्हती. तरीही त्यांनी कुठून तरी दोरी मिळवली, ट्रकपासून वीस पावलांवर ती बांधली, आणि मुलांना पलीकडे ठेवून स्वतः पहारेकऱ्यासारखे उभे राहिले.

"एक फोटो तरी होऊ दे," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "गाडी उद्या जेऊरला जाणार. पेपरला द्यायला काहीतरी पाहिजे की."

"वर चढू नका," वेणीमाधवराव म्हणाले.

"उभ्या गाडीला काय होतंय?"

"मी हात लावून बघितलंय, हत्तुरे. चढू नका."

"तुमच्याच गणितानं दोन हजार दोनशे बावीस किलो चालतात. आम्ही अकरा जण कितीसे भरतो?"

आपलंच गणित आपल्याला ऐकून घ्यावं लागणं हा वेणीमाधवरावांसाठी नवा अनुभव होता. ते धावत ट्रकपाशी गेले, एकाचा कोट धरला, दुसऱ्याचा पाय धरला. जोतीराम तेवढ्यात चहाला गेला होता. एकेक निवृत्त अधिकारी, कंबर धरलेले फलोत्पादनवालेसुद्धा, फळीवर चढला आणि हुद्द्याच्या क्रमानं उभा राहिला. फोटोवाल्यानं मोबाइल डोळ्यापुढे धरला. ऊन उजवीकडून येत होतं.

"काका, तोंडावर सावली येतेय. सगळे डाव्या बाजूला सरका. आणखी. आणखी थोडे."

सरकले.

आवाज असा झाला की मैदानावरचे सगळे पारवे उडाले. ट्रकचा मागचा डावा कोपरा खाडकन खाली बसला, मागची फळी उघडली, आणि अकरा जण हुद्द्याच्या क्रमानंच घसरत खाली आले. सुदैवानं खाली पताकांचा आणि झेंडूच्या माळांचा ढीग होता. कुणाला फारसं लागलं नाही. एक चष्मा गेला, दोन कोपरं सोलली, गुरुसिद्धप्पा "अय्यो शिवने!" म्हणत सगळ्यांत वर येऊन पडले. आणि फलोत्पादनवाल्यांची कंबर, असं म्हणतात, त्या धक्क्यानं सुटली. फोटोवाल्याचं बोट मात्र त्या क्षणी बरोब्बर दाबलं गेलं होतं. दोन दिवसांनी पेपरात कर्तव्य नगरचा फोटो आला, आणि या वेळी तो मंगलधामच्या उपग्रहापेक्षा मोठा होता.

जोतीराम चहाचा कप हातात घेऊनच धावत आला. आधी त्यानं चाकाखाली दगड लावले, मग वाकून बॅटरी मारली.

"सायेब, बघा."

वेणीमाधवराव या वेळी स्वतःहून गुडघ्यावर बसले. तुटलेल्या पाट्याचं तोंड समोर आलं होतं. ते जवळजवळ सगळं तांबूस तपकिरी, गंजानं खाल्लेलं होतं. फक्त खालच्या कडेला चांदीसारखी चमकणारी एक पट्टी होती, श्रावणीच्या करंगळीएवढी.

"ह्यो गंजल्याला भाग कवाच तुटल्याला हाय. ह्यो चमकतोय त्यो आजचा. एवढ्यावर हुबी व्हती गाडी."

वेणीमाधवराव त्या चमकत्या पट्टीकडे बघत राहिले. सकाळी ती बहुधा जराशी रुंद असेल. चौदा मुलांनी किती वेळा 'जय' म्हटल्यावर ती संपली असती, याचं गणित त्यांना करता येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं.

मागे पावलं वाजली. दोरी ओलांडून श्रावणी आली होती. सकाळपासून ती पहिल्यांदा बोलली.

"आजोबा, मी कुठे उभी राहणार होते?"

अशा प्रश्नाला द्यायची उत्तरं त्यांना पाठ होती. माहिती मागवली आहे. बघून सांगतो. ते काम दुसऱ्या टेबलाचं. माळांच्या ढिगातून उठणारे अकरा जण कान देऊन ऐकत होते.

"इथे," वेणीमाधवरावांनी बोट दाखवलं. "बरोब्बर ह्याच्यावर. तू सगळ्यात हलकी, म्हणून मीच तुला इथे ठेवली होती."

श्रावणीनं तुटका पाटा पाहिला, मग उघडी पडलेली फळी पाहिली.

"जोतीरामकाकांनी नको म्हटलं होतं ना?"

"हो."

"आजीपण नको म्हणाली होती?"

"हो."

"मग तुम्हीच चुकलात."

"हो गं, बाळा. मीच चुकलो."

चौतीस वर्षांत त्यांच्या तोंडून असं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. गुरुसिद्धप्पांनी केसांतलं झेंडूचं फूल काढलं आणि ते दुसरीकडे बघू लागले. श्रावणीनं थोडा विचार केला. एवढ्यानं तिचं समाधान झालेलं दिसलं.

"बरं. मग उठा आता, तिकडे जिलेबी संपेल."

वेणीमाधवरावांनी उठण्यासाठी एक हात जमिनीला टेकला. श्रावणीनं उजवा हात पुढे केला. त्यांनी तो धरला, कसेबसे उठले, आणि मैदान ओलांडून जिलेबीच्या रांगेत उभे राहिले तरी तो सोडला नाही. जिलेबी हातात पडली तरी सोडला नाही. शेवटी तिनं डाव्या हातानं खाल्ली.